जुळे सोलापुरातलं सात कोर्सचं जेवण

आमच्या ग्रुपमधल्या टॉवेलवाल्याला जानेवारीच्या शेवटी चाळीस पूर्ण झाली. टॉवेलवाला म्हणजे त्याचा अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि चिडला की हिंदी. दरवर्षी त्याचा वाढदिवस म्हणजे ठरलेलं, हायवेवरच्या कुठल्यातरी ढाब्यावर जायचं, मटण-भाकरी हाणायची, परत येताना गाडी कोण चालवणार यावरून वाद घालायचा. ह्या वर्षी मीच म्हणलो की ढाबा नको, माझ्या घरी या, मी स्वतः करतो, आणि नुसतं मटण-भाकरी नाही तर सात कोर्स.

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगतो. मागच्या वर्षी पुण्यात ऑफिसच्या कामाला गेलो होतो तेव्हा साहेबांनी एका महागड्या हॉटेलात नेलं. तिथं एकामागून एक आठ-नऊ प्लेटी आल्या, प्रत्येकीत दोन घासाचा ऐवज, आणि वेटर दर वेळी उभा राहून त्यात काय काय आहे ते सांगणार. एका प्लेटीत कसलातरी कुरकुरीत तुकडा आणि त्यावर दाण्याची पेस्ट होती. मी तो खाल्ला आणि मनात म्हणलं अरे ही तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि आमची ह्याच्यापेक्षा दहापट बरी. परत येताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून मोबाईलमध्ये मेनू लिहायला घेतला तो कुर्डुवाडी येईपर्यंत तयार.

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, चांगलंय, पण मी पाहुणी म्हणून बसणार, किचनमध्ये पाऊल टाकणार नाही, आत्ताच सांगते. आई नुसती हसली आणि तिनं एकच विचारलं, "भाकरी कोण करणार?"

ह्या प्रश्नात सगळं होतं. कारण आमच्याकडं पाहुणे आले की आई कधी बसत नाही. तुम्ही बसा, मी गरम गरम टाकते, असं म्हणत ती तव्यापाशी उभी, आणि सगळ्यांचं झालं की पाटीत खाली राहिलेली गार भाकरी घेऊन ओट्याशीच काहीतरी खाऊन घेणार. आता ती अडुसष्ट वर्षांची आहे आणि गुडघे बोलतात. मी जोशात म्हणून गेलो, भाकरी पण मीच करणार आणि तू टेबलावर बसणार. त्या वेळी मला भाकरी येत नव्हती. हातात पंधरा दिवस होते.

तर पहिलं भाकरीचं सांगतो, कारण सात कोर्समधले सहा आधी करून ठेवता येतात, भाकरीच तेवढी थांबत नाही.

ज्वारी आमच्या ग्रुपमधल्या मास्तरनं दिली, तो मंगळवेढ्याचा आहे आणि तिकडच्या ज्वारीबद्दल बोलायला लागला की थांबवावं लागतं. मालदांडी, काळ्या रानातली, पाऊस संपल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच येणारी, २०१६ साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला हे तो दर भेटीत सांगतो. गिरणीतून तीन-तीन किलोच दळून आणायची असं आईनं बजावलं, कारण पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. विरी म्हणजे काय ते मला पंधरा दिवसांत नीट कळलं. गव्हाच्या कणकेला अंगचा ताण असतो, ज्वारीला तो नसतोच, म्हणून पिठात आधी उकळतं पाणी घालायचं, त्यानं पीठ जरासं शिजतं आणि तोच चिकटपणा भाकरीला धरून ठेवतो. मग तळहाताच्या बुडानं रगड रगड रगडायचं, आणि हे सगळं एका वेळी एकाच भाकरीपुरतं, सगळं पीठ एकदम मळून ठेवलं की मेलं.

पहिल्या दिवशी माझी भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. तिसऱ्या दिवशी एक अख्खी पोचली पण आई म्हणाली ही भाकरी नाही, दामटी आहे, आणि कुत्र्याला घालायला वेगळी काढली. आठवड्यानंतर कडा चिरायच्या थांबल्या. दहाव्या दिवशी एक फुगली, मी ओरडलो, बायको बाथरूममधून काय झालं म्हणून विचारत बाहेर आली. तेव्हा घड्याळ लावून बघितलं, थापण्यापासून उतरेपर्यंत मला पाच मिनिटं लागत होती, आईला अडीच. आठ माणसं, माणशी दोन म्हणजे सोळा भाकऱ्या, माझ्या स्पीडनं ऐंशी मिनिटं. म्हणजे पहिल्याला वाढून शेवटच्याला मिळेपर्यंत पहिला झोपलेला असणार. त्यावर उपाय म्हणून दोन तवे लावायचे ठरलं, आणि दुसरा तवा खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून आणला.

आता मेनू. पहिला कोर्स कडक भाकरीचे तुकडे, त्यावर लोणी आणि शेंगाचटणी. दुसरा हुरडा. तिसरा सूप, म्हणजे मटणाची अळणी, आणि वकिलासाठी हुलग्याचं कढण. चौथा अंबाडीची भाजी, जोंधळ्याच्या कण्यांवर. पाचवा डाळिंबाचा बर्फ, तोंड साफ करायला. सहावा मेन, मटणाचा रस्सा, भरली वांगी, गरम भाकरी. सातवा शेंगापोळी आणि तूप. कागदावर लई भारी दिसत होतं.

वकील लिंगायत, नवरा-बायको दोघंही कडक शाकाहारी, आणि फोटोग्राफर विजापूर वेशीतला, त्याला मटण हलालच लागणार. टॉवेलवाला आणि त्याची बायको काहीही खातात, मास्तर तर खातोच. असे सहा पाहुणे, आई आणि बायको धरून आठ. तारीख शनिवारची येत होती पण आईचा शनिवार असतो म्हणून रविवार धरला. सोलापुरात चार मित्र जमवले की चार भाषा आणि चार प्रकारची ताटं होतात, त्याची आम्हाला सवय आहे, ढाब्यावर ते ढाबेवाला बघतो, घरी मला बघायचं होतं. म्हणून शाकाहारी सगळं इंडक्शनवर, गॅलरीत वेगळं टेबल लावून, भांडी-पळ्या वेगळ्या, असं ठरवलं.

अंबाडीवरून गंमत झाली. मेनू ग्रुपवर टाकला तर वकील म्हणाला पुंडीपल्ले करतोयस होय, टॉवेलवाला म्हणाला पुंटीकूर नाही का बे ती, आणि मास्तरनं लिहिलं अंबाडी म्हणा, मराठी शाळेत शिकलाय तुम्ही. ह्याच्यावर पाऊण तास चाललं. शेवटी टॉवेलवाल्याच्या आईनं निरोप पाठवला की पहिलं उकळलेलं पाणी ओतून द्या नाहीतर आंबट होऊन तोंड वाकडं होईल, आणि लसूण वरून फोडणीत जास्त घाला. दोन्ही ऐकलं, दोन्ही बरोबर निघालं.

प्लेटींचा हिशोब मात्र उशिरा लक्षात आला. सात कोर्स गुणिले आठ माणसं, छप्पन्न प्लेटी. घरात स्टीलची ताटं बारा. आणि मधे धुवावीत तर आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते सोमवारी पहाटे येणार होतं, म्हणजे जेवणाच्या रात्री टाकी तळाला गेलेली असणार. पुण्याच्या त्या हॉटेलवाल्याला हा प्रश्न पडत नसणार. मग मंडईजवळून पळसाच्या पत्रावळ्या आणि द्रोण आणले, आणि खरं सांगायचं तर भाजी द्रोणात प्लेटीपेक्षा चांगली दिसते.

चटणी आठ दिवस आधी केली. आधी मिक्सरमध्ये केली, आणि फसली. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून मिक्सर फिरवला तर दोन मिनिटांत भांडं गरम झालं आणि आत लोण्यासारखा गोळा. मुलीनं तो ब्रेडला लावून खाल्ला, म्हणजे वाया गेला नाही. शेंगाचटणी कुटायलाच लागते. कुटताना दाणा चेपतो, तेल सुटतं पण दाण्याचा रवा राहतो, आणि लसूण त्या तेलात मुरतो. आमचा लोखंडी खलबत्ता माळ्यावर होता, तो काढला, चार दणके घातले तर खालच्या काकूंचा फोन, भिंतीला काही ठोकताय का. मग आईनं युक्ती सांगितली. जुनी सोलापुरी चादर आठ घड्या करून खाली घातली, त्यावर खलबत्ता. आवाज एकदम बसला, नुसता धप धप, जसं कुणी लांबून चालत येतंय. ती चादर माझ्या मुंजीत आलेली आहे, मोराचं डिझाईन, रंग अजून गेलेला नाही, आता तिला लसणाचा वास आहे आणि तो दोन धुण्यांत गेला नाही.

पाऊण तास कुटलं. शेवटी मुठीत दाबली तर मूठ वळली आणि बोटांना लाल तेल लागलं, तेव्हा आई म्हणाली, बास.

शेंगापोळ्या दोन दिवस आधी केल्या, त्या टिकतात. दाण्याचा कूट चाळून घ्यायचा हा एक धडा, एकजरी जाडा कण राहिला की लाटताना तिथंच पोळी फाटते. कूट, गूळ, थोडं भाजलेलं बेसन, तीळ, वेलदोडा. दहा केल्या, त्यातल्या आठ दाखवण्यासारख्या झाल्या. कडक भाकऱ्या विकत आणल्या, त्यात कमीपणा काही नाही, त्या बायका करतात तशी कागदासारखी मला ह्या जन्मात जमणार नाही.

डाळिंबाचं जरा सांगायला पाहिजे कारण त्यावर मी सगळ्यात जास्त मिरवणार होतो. भगवा डाळिंब, आपल्या जिल्ह्याचं, केगावला तर डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे, तर म्हणलं मधल्या कोर्सला हेच पाहिजे. रस काढला, लिंबू, काळं मीठ, आणि साखर मुद्दाम कमी घातली, उगाच गोड कशाला म्हणून. फ्रीजरमध्ये ठेवून अर्ध्या-अर्ध्या तासानं काट्यानं खरवडायचं असतं. मी दोनदा खरवडलं आणि मग मटणाच्या नादात विसरलो. साखर कमी असली की तो बर्फ दगडासारखा धरतो, साखरेमुळंच तो भुसभुशीत राहतो, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी बघितलं तर डब्यात लाल फरशी.

रविवारी सकाळी सातला फोटोग्राफर मला विजापूर वेशीत त्याच्या नेहमीच्या दुकानात घेऊन गेला. दोन किलो, खांदा आणि चापा, शिवाय नळ्या वेगळ्या मागून घेतल्या. दुकानदारानं विचारलं किती माणसं, मी म्हणलो सहा खाणारी, तर तो फोटोग्राफरकडं बघून म्हणाला हे पहिल्यांदा करलालेत काय.

मटण मी आईच्याच पद्धतीनं केलं, कुकर नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवलं, पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, मग मटण, आणि वर ताट ठेवून ताटात पाणी. मटण आपल्याच पाण्यात शिजायला लागतं, ताटातलं पाणी गरम होतं, आणि लागेल तसं तेच आत ओतायचं. गार पाणी ओतलं की मटण चिवट होतं असं आई म्हणते, मी कधी ओतून बघितलेलं नाही. दीड-दोन तासांनी तिखट घालायच्या आधी वरचं पिवळं पाणी काढून घ्यायचं, ती अळणी. माझ्या मते कुठल्याही हॉटेलातल्या सूपच्या वरची गोष्ट आहे ती, आणि आमच्याकडं ती लहान पोरांना आणि आजारी माणसांना देऊन संपवतात. मग भाजलेलं खोबरं, कांदा, तीळ, खसखस ह्यांचं वाटण, काळं तिखट आणि शेवटी येसूर, म्हणजे रस्सा दाट करायचं भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. येसूर दोन चमचे पुरे होता, मी चार घातला, रस्सा पिठल्यासारखा झाला, गरम पाणी ओतून पातळ केला, कुणाला कळलं नाही. आईला कळलं.

आठ वाजता यायचे ते पावणेआठला आले. टॉवेलवाला हातात केकचा बॉक्स आणि दुसऱ्या हातात किलोभर गरम कांदाभजी घेऊन. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणे. वर वकीलवहिनींनी लांबोटीचा मक्याचा चिवडा आणलेला. मी आतून ओरडलो की कुणी भजी खाऊ नका, सात कोर्स आहेत, तर बाहेरून मास्तरचा आवाज आला, एवढी खाऊन घेतो, तुझे कोर्स चालू दे. केक पण तेव्हाच कापला कारण पोरं थांबेनात. म्हणजे पहिला कोर्स निघायच्या आधीच सगळ्यांची पोटं अर्धी.

पहिला कोर्स तरीसुद्धा पाच मिनिटांत साफ. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर लोण्याचं बोट, त्यावर चटणीची चिमूट, वर बारीक कांदा. मी वेटरसारखा उभा राहून सांगायला लागलो की ही मालदांडी ज्वारीची कडक भाकरी, तर टॉवेलवाला म्हणाला आम्हाला माहीत हाय बे, तू ताट ठेव आणि सर.

हुरड्याचं माझं प्लॅनिंग असं होतं की द्रोणात सुरेख मांडून द्यायचा. पण मास्तर सोललेला हुरडा न आणता कणसांची पेंढीच घेऊन आला. रानात आगटी पेटवून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, इथं तिसऱ्या मजल्यावर कुठली आगटी. गॅसवर जाळी ठेवून कणसं फिरवायला लागलो, एकट्यानं होईना, मास्तर आत आला, मग वकील, मग सगळेच. एक जण भाजतोय, दोघं गरम कणसं तळहातावर चोळतायत आणि हाय हाय करतायत, वहिनी सुपात पाखडतायत, फोलकटं गॅसवर, केसांत, माझ्या मांडून ठेवलेल्या द्रोणांत. हिरवा कोवळा दाणा, गरम, जरासा धुरकट, त्याबरोबर चटणी आणि गूळ, उभ्या उभ्या हातावरच खाल्ला. द्रोण तसेच राहिले. अख्ख्या रात्रीतली ती वीस मिनिटं सगळ्यात चांगली होती आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य.

सूपला मात्र घाम फुटला. अळणी काचेच्या कपात आणि हुलग्याचं कढण स्टीलच्या फुलपात्रात, असा मी नियम केला होता, म्हणजे घोळ नको. टॉवेलवाल्याची बायको मदत करायला म्हणून आली, काचेचे कप सहाच होते आणि त्यातल्या एकात कुणीतरी पाणी पिऊन ठेवलेलं, म्हणून तिनं सहावी अळणी सरळ फुलपात्रात ओतली. ट्रे बाहेर निघाला आणि माझं लक्ष गेलं, तीन फुलपात्रं, त्यातल्या एकावर चरबीचे गोल गोल डोळे तरंगतायत. मी हातातली पळी टाकून पळत गेलो. वकिलाच्या हातात नेमकं कुठलं गेलं होतं बघायला वाकलो तर तो शांतपणे म्हणाला, "मी वास घेऊनच पितो बे, वीस वर्षं तुमच्यात काढलीत." त्याच्या हातात कढणच होतं. पण मला पुढं दहा मिनिटं काही सुचलं नाही. घरी वेगवेगळं जेवण करणार असाल तर भांड्याच्या प्रकारावर विसंबू नका, शाकाहारी सगळं आधी वाढून मोकळं व्हा आणि मगच दुसरं पातेलं उघडा.

अंबाडी चांगली झाली, तिथं फार काही घडलं नाही.

मग डाळिंबाचा बर्फ. ती लाल फरशी मी शेवटी खोबरं किसायच्या किसणीवर किसली, बोटं बधिर झाली, पण किसल्यावर दिसायला झकास, छोट्या वाट्यांत लाल चुरा. बाहेर नेऊन ठेवला आणि भाकरीचं पाणी उकळायला आत आलो. दोन मिनिटांनी बेसिनचा आवाज. बाहेर बघतो तर मास्तर हात धुतोय, फोटोग्राफर बडीशेप शोधतोय. टॉवेलवाला म्हणाला मस्त झालं बे जेवण, पण मटण करणार होतास ना तू? आईस्क्रीम आलं म्हणजे संपलं, हे आमच्याकडचं गणित, ते मला आधी सुचायला पाहिजे होतं. बसवलं सगळ्यांना परत. बायको पाहुणीच्या खुर्चीत बसून पोट धरून हसत होती.

आता भाकरी. साडेनऊ वाजलेले. पातेली गरम करायला ठेवली, दोन्ही तवे तापले, पिठात उकळतं पाणी घातलं आणि तेवढ्यात सूपच्या गोंधळानं गॅलरीत विसरलेली वांगी आठवली, ती हलवायला गेलो, तिथं वकील भेटला, दोन मिनिटं बोललो. परत आलो तर उकड गार पडलेली. घाईत तशीच मळली. पहिली भाकरी थापताना कडेला चिरली, दुसरी उचलताना मधून गेली. बाहेर आठ माणसं मटणाच्या वासावर बसलेली, मी आत एकटा, कपाळावरचा घाम पिठाच्या हातानं पुसतोय.

तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज. ती खुर्चीतच होती, किचनकडं तिची पाठ. म्हणाली, "अरे, पाणी कमी पडायलंय. कोरडा आवाज येतोय."

मी म्हणलो, "उकड गार झाली गं."

"मग मोडून परत मळ. कडक पाणी घे चमचाभर. हातानं थापतोयस तेव्हा ओला आवाज आला पाहिजे, चप् असा."

बाहेर सगळे एकदम गप्प. आठ जण, गॅलरीतली पोरं सुद्धा, माझ्या परातीचा आवाज ऐकतायत. मी गोळा मोडला, गरम पाणी घातलं, रगडला, थापायला घेतला. थप, थप. "अजून," आई म्हणाली. परत पाण्याचा हात लावून रगडला. थापला. ह्या वेळी मला पण फरक कळला, हाताखाली पीठ चिकटून सुटत होतं, आवाज भरीव. "हां," आई म्हणाली, "आता टाक."

तव्यावर पिठाची बाजू वर ठेवून टाकली, वरून पाणी फिरवलं, पाणी आटलं तशी उलटली, मग जाळावर. फुगली. पूर्ण नाही, एका बाजूला जरा बसकी, पण फुगली.

पहिली भाकरी बर्थडे बॉयला म्हणून मी घेऊन गेलो. त्यानं हात पुढं केला नाही. म्हणाला, "काकू, पहिली तुमची." आई म्हणाली छे छे, पाहुण्यांना आधी, मी नंतर घेते. तर वकील म्हणाला काकू, आमच्या कॉलेजपासून तुम्ही नंतरच घेताय. फोटोग्राफरनं तिची पत्रावळ पुढं ओढली. आईनं भाकरी हातातच घेतली, वरचा पापुद्रा बोटानं फोडला, वाफ निघाली तशी बोटं झटकली, आत लोणी घातलं. वांग्याबरोबर खायला लागली. मी तिथंच उभा. ती म्हणाली, "मधे जाड राहिलीय." मग गप्प खाल्ली, सगळी. पत्रावळीकडं बघून म्हणाली, "गरम असली की पटकन संपती की रे."

मी परत आत आलो.

पुढच्या भाकऱ्या बऱ्या झाल्या, म्हणजे सोळातल्या अकरा. उरलेल्यांच्या वेळेस टॉवेलवाल्याची बायको सरळ दुसऱ्या परातीशी येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या दुप्पट स्पीडनं टाकल्या, मी नको म्हणलो नाही. आईनं दोन खाल्ल्या आणि मग आतल्या दिशेनं, "अर्धी टाकतोस का अजून," असं विचारलं. अर्धी भाकरी टाकता येत नाही, अख्खी टाकली, तीही तिनं संपवली.

मटणाबद्दल कुणी काही बोललं नाही, नळ्या चोखायचा आवाज होता फक्त. मी स्वतः जेवलो तेव्हा सव्वाअकरा झालेले, बाकीचे बाहेर गप्पा मारतायत, मी ओट्याशी उभा, एक गार भाकरी, पातेल्याच्या तळाचा रस्सा. बायकोनं डोकावून बघितलं, काही बोलली नाही, एक कांदा फोडून दिला.

सातवा कोर्स कुणाच्यानंच गेला नाही. शेंगापोळी एक-एक चतकोर तूप लावून चाखली आणि बाकीच्या वर्तमानपत्रात गुंडाळून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या, वकिलाला दोन, कारण त्याच्या कोर्सला नळ्या नव्हत्या. परत केलं तर पाचच कोर्स करीन, हुरडा सगळ्यात आधी आणि बर्फ सगळ्यात शेवटी. टॉवेलवाला जिन्यात म्हणाला, पुढच्या वर्षी ढाब्यावर जाऊ बे, तू आमच्यात बसलाच नाहीस. खरंच होतं ते.

पहाटे चारला नळ आल्याचा आवाज झाला. मी उठलो तर आई आधीच उठून मोरीत, पातेलं पुढ्यात घेऊन बसलेली. म्हणलं तू हो बाजूला, मी घासतो. ती म्हणाली पाणी तासभरच राहणार, दोघं मिळून करू. मग ती घासत होती आणि मी विसळून पालथी घालत होतो, आणि मधेच तिनं विचारलं, आज डब्याला भाकरी करतोस का.